फर, चामडं, मांस: एकच सोडायचं तर आधी कोणतं?

प्राण्यांसाठी आपणही काहीतरी सोडायला हवं असं मनापासून वाटतं, पण सगळं एकदम झेपणार नाही हेही माहीत असतं. अशा उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांसाठी हे लिहितोय. या तिन्हींचा हिशेब मी स्वतःपुरता बरीच वर्षं मांडत आलोय आणि माझा कल आता ठरलाय, तो पुढे दिसेलच. तुमचं उत्तर वेगळं आलं तर त्यात गैर काही नाही.

फरपासून सुरुवात करतो, कारण तिथे वाद सर्वांत कमी आहे. मिंकच्या एका पूर्ण कोटाला साधारण पन्नास-साठ प्राणी लागतात. मिंक हा पाण्यात उतरून शिकार करणारा, एकट्याने राहणारा प्राणी. फार्मवर तो जाळीच्या पिंजऱ्यात, शेजारी तसेच हजारो पिंजरे, असा जन्म काढतो. मिंकना गॅसने मारतात, कोल्ह्यांना बऱ्याचदा विजेच्या धक्क्याने, कारण कातडीला भोक पडता कामा नये. म्हणजे मरणाची पद्धतसुद्धा केसांची चमक बघून ठरते. इंग्लंड आणि वेल्समध्ये फर फार्मिंगवर बंदी घालणारा कायदा २००० सालीच झाला. इस्रायलने २०२१ मध्ये फॅशनसाठीची फरविक्रीच थांबवली. २०२० मध्ये कोविडचा विषाणू मिंकमध्ये पसरला तेव्हा डेन्मार्कने दीड कोटींच्या घरात मिंक मारून टाकले. त्या बातमीने बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळलं की एका छोट्या देशात एवढे पिंजरे होते.

तरी सगळं फर एका मापाने मोजू नये. आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांसाठी सीलचं कातडं ही चैन नाही. युरोपियन युनियनने २००९ मध्ये सीलच्या वस्तूंवर बंदी घातली तेव्हा त्यांना सूट दिली होती, पण बाजारच बसल्यामुळे फटका त्यांनाही बसला. न्यूझीलंडमध्ये पोसम हा ऑस्ट्रेलियातून आणलेला प्राणी तिथल्या जंगलाची आणि पक्ष्यांची इतकी नासधूस करतो, की तो तसाही मारला जातो आणि त्याचे केस मेरिनो लोकरीत मिसळून वापरतात. मिंकच्या कोटाइतका दोष मी अशा स्वेटरला देणार नाही. किंबहुना काही चामड्यांपेक्षा तो बरा म्हणेन.

मला फरबद्दल एकच गोष्ट खटकते. आपल्यापैकी बहुतेकजण फरचा कोट कधी घेणारच नसतो. जे घेणारच नव्हतो, ते सोडल्याने प्राण्यांच्या वाट्याला काय येतं? मन मात्र समाधान पावतं आणि पुढचा विचार तिथेच थांबतो. जॅकेटच्या टोपीची झालर तेवढी तपासून घ्या. नकली म्हणून विकलेलं फर खरं निघाल्याची प्रकरणं अनेक देशांत झाली आहेत. केस फुंकर मारून बाजूला करा आणि बुडाशी बघा: विणलेलं कापड दिसलं तर नकली, कातडी दिसली तर खरं.

आता चामडं. त्याच्या बाजूचा मुद्दा नेहमीचाच आहे, पण पोकळ नाही: जनावर मांसासाठी मारलं जातं, कातडं उरतं, ते वाया का घालवा? गाईगुरांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. जनावराच्या एकूण किमतीत कातड्याचा वाटा अगदी थोडा असतो. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत कातड्यांचे भाव इतके पडले की लाखो कातडी कमावण्याऐवजी सरळ कचऱ्यात गेली, पण कत्तल काही कमी झाली नाही. पण हाच युक्तिवाद मगरीच्या पर्सला लागू होत नाही, कारण मगर मुख्यतः कातड्यासाठीच पाळतात. शहामृगाचंही बरंचसं तसंच. काराकुल मेंढीचं कोकरू तर कुरळे केस सरळ व्हायच्या आत, म्हणजे जन्मल्यावर काही दिवसांतच मारतात. आणि शीपस्किनचं, म्हणजे मेंढीच्या केसांसकट कातड्याचं जॅकेट फरमध्ये धरायचं की चामड्यात? फरला ठाम नकार देणारे लोक ते बिनदिक्कत घालताना मी पाहिलेत.

माझा निर्णय मात्र या वादांवर ठरला नाही, चामड्याच्या एका वैतागावर ठरला. चामडं सोडायचं, निदान निवडून घ्यायचं, असं ठरवून मी बूट बघायला लागलो आणि लक्षात आलं की नक्की काय सोडतोय हे कळायला मार्गच नाही. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला ‘अस्सल लेदर’ असा छाप असतो. गाय, म्हैस, वासरू, डुक्कर? सहसा पत्ता नाही. जनावर कुठलं, कसं वाढलं, कातडं कुठे कमावलं? काही नाही. युरोपातल्या बुटांवर तीन भागांसाठी चित्रं असतात: वरचा भाग, अस्तर आणि सोल. पसरलेल्या कातड्याचं चित्र म्हणजे लेदर, त्याच्या आत पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार म्हणजे वर थर दिलेलं लेदर. पण हे चित्र त्या भागातल्या किमान ८० टक्के साहित्याबद्दल बोलतं, उरलेल्याबद्दल नाही. विक्रेत्यांना विचारलं तर तेही प्रामाणिकपणे सांगायचे की आम्हाला माहीत नाही. गंमत म्हणजे, अमेरिकेत फरच्या लेबलवर प्राण्याचं नाव आणि देश लिहायची सक्ती १९५१ च्या कायद्यापासून आहे. म्हणजे जे आपण घेतच नाही त्याची माहिती मिळते, आणि जे रोज पायात घालतो त्याची नाही.

पर्याय म्हणून रेक्झिन, म्हणजे पीयू किंवा पीव्हीसी या प्लास्टिकचं नकली चामडं वापरून पाहिलं. बोटं वाकतात तिथे आधी बारीक सुरकुती, मग चीर, मग पापुद्रे निघायला लागतात आणि खालची जाळी उघडी पडते. न वापरता ठेवून दिले तरी दमट हवेत पीयूचा सोल आतून सडतो आणि एक दिवस दोन पावलांत त्याचा भुगा होतो. प्लास्टिकचे बूट पुन्हापुन्हा टाकून देण्यात कोणत्या प्राण्याचं भलं आहे, हे मला अजून उमगलेलं नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे: बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, आणि जिथे सांडपाण्याची व्यवस्था नाही तिथे ते नदीत आणि कामगारांच्या अंगावर जातं. एकंदरीत चामड्याचा निवाडा मला स्वच्छ देता आलेला नाही.

ताटात मात्र असा गोंधळ नसतो. समोर काय आहे हे माहीत असतं आणि ते प्राणी आपल्या मागणीमुळेच मेलेले असतात. इथे ‘उरलेलं वापरतोय’ ही सोय नाही. आकडा बघा: माणूस वर्षाला खाण्यासाठी जमिनीवरचे ८,००० कोटींच्या आसपास प्राणी मारतो, आणि त्यातल्या बहुसंख्य कोंबड्या असतात, मासे वेगळेच. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापली जाते. तिची वाढ इतकी झपाट्याने करवलेली असते की अनेकींना शेवटी स्वतःचं वजनही पायांवर नीट पेलत नाही. यापुढे फर फार्मवरचे कोट्यवधी प्राणीही संख्येने फार छोटे पडतात, दुःख तेवढंच खरं असलं तरी.

शिवाय दोर कुठून ओढायचा हेही इथे दिसतं. चामडं न घेतल्याने मांस कमी होत नाही, कातडी फेकली जातात. मांस कमी झालं तर मात्र कातडीही कमी निघतात. म्हणून मी मांस सोडलं आणि जुने चामड्याचे बूट झिजेपर्यंत घालायचे ठरवले. यात विसंगती आहे असं मला सुनावणारे भेटतात. त्यांचं म्हणणं मला समजतं, पण ते बूट टाकून एकही गाय परत येत नाही. नवीन घ्यायचे झाले तर मी आधी कॅनव्हास बघतो, नाहीतर वापरलेलं चामडं.

मांस सोडणं तिन्हींत कठीण आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. दिवसातून दोनदा प्रश्न समोर येतो, घरातल्यांचं ताट वेगळं असतं, तब्येतीची कारणं असू शकतात. पूर्ण जमणार नसेल तर एक सुचवतो, जरा वेगळं वाटेल: सुरुवात कोंबडीपासून करा. लोक ‘रेड मीट’ सोडून चिकनवर येतात. हवामानाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, कारण गुरांमुळे मिथेन हा हवामान तापवणारा वायू कितीतरी जास्त निघतो. पण एका गाईपासून दोनशे किलोहून जास्त मांस मिळतं, कोंबडीपासून दीड-दोन किलो. तेवढंच मांस चिकनमधून खायचं तर शंभराहून जास्त जीव लागतात, आणि त्यांचं जगणं सहसा गाईपेक्षा हलाखीचं असतं. तुम्हाला प्राण्यांची चिंता जास्त की हवामानाची, यावर क्रम बदलेल. मी प्राण्यांसाठी निघालो होतो, म्हणून माझ्या ताटातून चिकन पहिल्यांदा गेलं आणि बाकीचं त्याच्या मागोमाग.