अपूर्णांकांचं ॲप: आवाज बंद करून वापरा

डिचोलीला घरी सहावीच्या शिकवण्या घेते. शाळा इंग्रजी, पण डोक्यात शिरायला मराठी लागते, म्हणून हे ॲप घेतलं. पडद्यावर लिहिलेलंच एक बाई खणखणीत वाचतात. मुलं धड ऐकत नाहीत, धड वाचत नाहीत. शेवटी आवाजच बंद केला.

सोडवलेली उदाहरणं मात्र झकास. पहिलं पूर्ण, दुसऱ्यात शेवटची पायरी गाळलेली, तिसऱ्यात शेवटच्या दोन. एकाने १/२ + १/३ = २/५ लिहिलं. नुसती लाल फुली नाही, ॲपने अर्धी पोळी आणि २/५ पोळी शेजारी मांडून विचारलं, "बेरीज अर्ध्याहून कमी कशी?" पोरगं गप्प. मग स्वतःच खोडलं.

नेट गेलं की धडा पहिल्यापासून. पावसाळ्यात आमच्याकडे हे रोजचंच!