ओसीआय कार्डासाठी सल्लागार : कोथरूडमधील अनुभव

माझी धाकटी बहीण अमेरिकेची नागरिक झाल्यावर तिच्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांसाठीच्या) कार्डाच्या अर्जासाठी आम्ही कोथरूडमधील एका सल्लागार कार्यालयाची मदत घेतली. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे आधी भारतीय पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागतो, आणि 2005 मध्ये सुरू झालेल्या योजनेतील हे कार्ड म्हणजे आजीवन व्हिसा आहे, नागरिकत्व नव्हे, हे तेथील सल्लागार बाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. मतदानाचा हक्क राहत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वारशाने मिळू शकते, हे ऐकून भोरच्या वडिलोपार्जित जमिनीची काळजी करणाऱ्या आमच्या आईचा जीव भांड्यात पडला. जुन्या पासपोर्टवर मधे वडिलांचे नाव होते, नव्यावर ते गळले होते. ही तफावत बाईंनी अर्ज भरण्याआधीच हेरली आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून दिला. शुल्काची पावती मात्र मागून घ्यावी लागली, हे अशा कार्यालयाला शोभत नाही. परदेशी गेलेल्या लेकरांचे घराशी नाते जपू पाहणाऱ्या कुटुंबांनी येथे निःशंक जावे. शनिवारी गर्दी असते, म्हणून वेळ आधी ठरवावी.