पासवर्ड सगळे बरोबर निघाले, तरी फसवणूक झाली

आमचा नेटवर्क ॲडमिन, म्हणजे कंपनीचे संगणक, सर्व्हर आणि इंटरनेट सांभाळणारा माणूस, नाराज आहे हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. सर्व्हर रात्री बंद पडला तरी धावायचं त्यानेच, सुटीच्या दिवशी फोन त्यालाच, आणि हाताखाली दुसरं कुणी नाही. ही तक्रार खरी होती आणि मी आजही ती खरीच मानतो. पण जाताना त्याने जे केलं ती सरळसरळ फसवणूक होती. छोटी कंपनी चालवणाऱ्यांना ती कशी होते हे कळावं म्हणून लिहितो आहे.

कुरबुरी वाढत गेल्या तेव्हा त्याच्या जागी नवा माणूस घ्यायचं ठरलं. नोटीस दिली तेव्हा तो चकार शब्द बोलला नाही. उलट जाण्याआधी नीट टाइप केलेली यादी हातात ठेवली. सर्व्हर, फायरवॉल, राउटर, वाय-फाय, बॅकअप, प्रत्येकापुढे युजरनेम आणि पासवर्ड. आम्ही त्याच्यासमोर एकेक लॉगिन करून पाहिलं, सगळे चालले. मग पासवर्ड बदलले, त्याचा हिशेब चुकता केला आणि त्याला निरोप दिला.

यादीतलं सगळं खरं होतं. जे त्याने दडवलं, ते यादीत नव्हतं.

एका सकाळी वेबसाइट उघडेना, मेल येईना. डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरच्या कंपनीच्या नावाची, मुदत संपली होती. नूतनीकरण करायला गेलो तेव्हा कळलं की रजिस्ट्रारकडचं, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडचं, खातं त्याच्या खासगी ईमेलवर आहे, ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो आणि नोंदणीत मालक म्हणूनही त्याचंच नाव आहे. पैसे मात्र दरवर्षी कंपनीने भरलेले. फोन केला तर शांतपणे म्हणाला, "सर, मी आता तुमच्याकडे नोकरीला नाही. सल्लागार म्हणून करून देतो, पण फी आधी लागेल." त्याने मागितलेल्या रकमेला फी म्हणणं शक्य नव्हतं, ती खंडणी होती.

डोमेन म्हणजे नुसता वेबसाइटचा पत्ता, असा अनेकांचा समज असतो. कंपनीचा मेल कोणत्या सर्व्हरवर जायचा हे डोमेनच्या एमएक्स नोंदीवरून ठरतं. ती नोंद ज्याच्या हातात, तो सगळा मेल स्वतःकडे वळवू शकतो. क्लाउड असो की हिशेबाचं सॉफ्टवेअर, पासवर्ड विसरल्यावर येणारी लिंक त्याच मेलवर येते. घराचा सातबाराच दुसऱ्याच्या नावावर असेल तर कुलपं बदलून काय उपयोग?

आम्ही पैसे दिले नाहीत. जुनी बिलं, बँकेतल्या नोंदी आणि कंपनीची नोंदणीची कागदपत्रं काढून रजिस्ट्रारकडे दाद मागितली. डोमेन परत मिळालं, पण तोवर ग्राहकांचे मेल परत जात राहिले आणि आम्ही धंदा गुंडाळला की काय, अशी विचारणा सुरू झाली.

डोमेन मिळालं म्हणजे काम संपलं असं नव्या ॲडमिनने मानलं नाही, हे आमचं नशीब. त्याने खोदायला घेतलं तेव्हा विक्री विभागाच्या मेलबॉक्सवर एक फॉरवर्डिंगचा नियम सापडला. आमचं प्रत्येक दरपत्रक बाहेरच्या एका पत्त्यावर जात होतं. प्रिंटरच्या सेवेसारखं नाव दिलेलं एक खातं होतं, त्याला संपूर्ण नेटवर्कचे ॲडमिन अधिकार. कोपऱ्यात चालू राहिलेल्या एका जुन्या संगणकावर रिमोट ॲक्सेसचं सॉफ्टवेअर होतं आणि ते समोर कुणी नसतानाही बाहेरून जोडता येत होतं. जुन्या ॲडमिनचं व्हीपीएन प्रमाणपत्रही, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायचा डिजिटल परवाना, चालूच होतं. पासवर्ड बदलल्याने यातलं काहीही बंद होत नाही. एसएसएच कळा (सर्व्हरवर पासवर्डशिवाय शिरायच्या डिजिटल चाव्या), टोकन (ॲपला दिलेली कायमची परवानगी), प्रमाणपत्रं, ही सगळी वेगळी दारं आहेत आणि प्रत्येक दार वेगळं बंद करावं लागतं.

2008 साली सॅन फ्रान्सिस्को शहराचा नेटवर्क अभियंता टेरी चाइल्ड्स याने पासवर्ड द्यायला नकार दिला होता. नेटवर्क चालू होतं, पण ते सांभाळण्याचा अधिकार महापालिकेकडे उरला नव्हता. शेवटी त्याने तुरुंगातून पासवर्ड दिले तेही फक्त महापौर गॅव्हिन न्यूसम यांना. 2010 मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. तिथे नकार उघड होता, म्हणून धोका पहिल्या दिवशी कळला. आमच्या माणसाने हसतमुखाने सगळं हाती दिलं. हा प्रकार मला अधिक घातक वाटतो, कारण पुढे तपासायची गरज कुणालाच वाटत नाही.

म्हणून नोटीस हातात देण्याआधीच काही कामं उरका. डोमेन, क्लाउड आणि मेलची मुख्य खाती कंपनीच्या नावावर, कंपनीच्या फोन नंबरवर आणा. या खात्यांना जोडलेला मेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन गेलं की चावीही गेली. ॲडमिन अधिकाराचं एक खातं मालकाकडे सीलबंद ठेवा. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवा आणि ती खरंच परत उभी राहते का ते पाहा. बॅकअपला कूटबद्ध करणारी कळ ॲडमिनच्या एकट्याकडे असेल तर तो बॅकअप तुमचा नाही.

सांगायच्या दिवशी, त्याच्याशी बोलणं चालू असतानाच, सगळी चालू सत्रं (आधीपासून उघडी असलेली लॉगिन) तोडा आणि ॲडमिन गटातल्या प्रत्येक खात्याचा खरा माणूस कोण ते विचारा. ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामंही तपासा. विंडोज डोमेन (वेबसाइटचं नाव नव्हे, तर कंपनीतले विंडोज संगणक आणि खाती एकत्र सांभाळणारी व्यवस्था) असेल तर केआरबीटीजीटी या लॉगिनची तिकिटं प्रमाणित करणाऱ्या अंतर्गत खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण आधीचा पासवर्डही प्रणाली ग्राह्य धरते. दोन्ही बदलांमध्ये काही तास जाऊ द्या. हे काम जाणाऱ्या माणसाकडून करून घेऊ नका, बाहेरचा जाणकार बोलवा. आणि त्याची देणी मात्र वेळेवर, सन्मानाने द्या. त्याच्या रागाला नवं कारण मिळू नये.

काही संशयास्पद सापडलं तर लगेच पुसू नका. आमच्याकडेही जुना संगणक तिथल्या तिथे फॉरमॅट करावा असा आग्रह झाला होता. नव्या ॲडमिनने तो नेटवर्कवरून काढला, डिस्कची जशीच्या तशी प्रत घेतली, फायरवॉल आणि मेलचे लॉग (कोण कधी आलं-गेलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) वेगळे जतन केले आणि मगच ती खाती बंद केली. आज आमची पोलीस तक्रार त्या डिस्कवर आणि त्या लॉगवर उभी आहे.