सेन्सरवरचा एक डाग आणि जुन्या डीएसएलआरसोबतचे तेरा महिने

यंदाच्या जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे प्रतीकात्मक विवाहाच्या, दिवशी मी १४० फोटो काढले. रात्री ते संगणकावर पाहू लागले, तेव्हा ज्या ज्या फोटोत आकाश होते, त्या प्रत्येक फोटोत उजवीकडे वर, नेमक्या त्याच जागी एक करडा गोल डाग दिसला. नंदीध्वज, म्हणजे यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या सजवलेल्या काठ्या, उंच असल्यामुळे त्यांचा फोटो आकाश टाळून काढताच येत नाही. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, वर गेलेले सातही नंदीध्वज आणि त्यांच्या शेंड्याजवळ तो डाग, अशी माझी पहिल्या यात्रेची मिळकत होती.

कॅमेरा मी यात्रेच्या दोन महिने आधी विकत घेतला होता, तोही जुना. २०१६ साली आलेल्या पहिल्या पायरीच्या डीएसएलआरपैकी (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी) तो आहे: १८ मेगापिक्सेल, ९ फोकस बिंदू, सेकंदाला ३ फोटो. जाणकारांना एवढ्यावरून मॉडेल ओळखता येईल. सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम लेन्स, मिळाली, सगळे मिळून १४,५०० रुपयांत, आणि ५० मिमी एफ १.८ लेन्स मी नंतर ५,२०० रुपयांना जुनीच घेतली. पतसंस्थेतली नोकरी सांभाळून रविवारी फोटो काढणाऱ्या माणसाने याहून अधिक रक्कम छंदात गुंतवू नये, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

या कॅमेऱ्यात सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, आपोआप झटकून स्वच्छ करणारी यंत्रणा नाही. खरेदीच्या वेळी ही उणीव मला नगण्य वाटली होती. सोलापुरात ती नगण्य नसते. यात्रेच्या आदल्या दिवशी होम मैदानावर, पाळण्यांच्या गर्दीत आणि धुळीत, मी उभ्या उभ्या लेन्स बदलली होती आणि चूक तिथेच झाली. धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर बसत नाही, त्याच्या पुढच्या काचेवर बसते. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ १६ इतके लहान असेल (आकडा मोठा तितके छिद्र लहान) तर प्रकाश अरुंद झोताने येतो आणि कणाची सावली ठसठशीत पडते. एफ २ किंवा एफ २.८ वर झोत रुंद असल्यामुळे तीच सावली विरून जाते. दुपारच्या उन्हात सगळे काही स्पष्ट यावे म्हणून मी दिवसभर एफ १६ वर फोटो काढत होते, त्यामुळे डाग लपायला कुठे वावच उरला नव्हता.

फेब्रुवारीत मी कॅमेरा एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. १,२०० रुपये आणि आठ दिवस गेले. परत आला तेव्हा जुना डाग गेला होता, पण खालच्या बाजूला एक तेलकट ओघळ आणि दोन नवे ठिपके आले होते. दुकानदारांनी समोरच्या भिंतीचा एफ ५.६ वर फोटो काढून मला दाखवला आणि काम स्वच्छ झाल्याचे सांगितले. मी एफ २२ वर, फोकस मुद्दाम बिघडवून, त्याच भिंतीचा फोटो काढला आणि पडदा त्यांच्यासमोर धरला. ते म्हणाले, "मॅडम, एवढ्या जुन्या कॅमेऱ्यात इतकं चालायचंच. नवीन घ्या, हा मी ठेवून घेतो." मी म्हणाले, "नवीन घ्यायला आले नाही. बाराशे रुपयांचं काम झालं की नाही, तेवढं सांगा." पैसे परत मिळाले नाहीत. त्यानंतर पाच आठवडे कॅमेरा कपाटात पडून होता.

उत्साह टिकवण्याचा प्रश्न माझ्यापुढे खरा याच पाच आठवड्यांत उभा राहिला. रविवारी सकाळी किल्ल्याच्या बाजूने तलावाकाठी फिरायला जायचे, पाण्यात उभे मंदिर बघायचे आणि कॅमेरा घरीच आहे याचे बरे वाटायचे, कारण फोटो काढला तरी तो डागाळलेलाच येणार होता. त्या दिवसांत मी नव्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या किमती रोज पाहत असे. आता लक्षात येते की साधन स्वस्त असल्याने माझी उमेद गेली नव्हती. आपल्या साधनातून काय निघेल याचा भरवसा उरला नव्हता, आणि त्याच अवस्थेत मी पन्नास-साठ हजारांचा कॅमेरा घेतला असता तरी पहिल्या धुळीनंतर पुन्हा तिथेच येऊन थांबले असते.

एप्रिलमध्ये मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे २५० रुपयांचा रबरी ब्लोअर आणि १६ मिमी रुंदीच्या स्वॉबचा (सेन्सर पुसायच्या पट्ट्यांचा) संच मागवला. बॅटरी पूर्ण भरली, मेनूतून सेन्सर स्वच्छतेचा पर्याय निवडून सेन्सरपुढचा आरसा वर उचलला, कॅमेरा तोंड खाली करून ब्लोअरने हवा मारली आणि मग ओला स्वॉब एकदा डावीकडून उजवीकडे व उलटून परत, एवढाच फिरवला. फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खालच्या बाजूला असतो, हे ठाऊक असले म्हणजे नेमके कुठे पाहायचे ते कळते. हात थरथरत होते. ओघळ दुसऱ्या स्वॉबने गेला. ब्लोअरऐवजी तोंडाने फुंकर कोणीही मारू नये. थुंकीचा बारीक शिंतोडा धुळीपेक्षा वाईट.

दुसरी गोष्ट अशी की, सेन्सर पुन्हा खराब होईल या भीतीने मी ५० मिमी लेन्स बसवली ती काढायचीच नाही असे ठरवले. बाहेर ऊन ४२ अंशांवर होते, म्हणून संध्याकाळी पूर्व भागातल्या ओळखीच्या एका यंत्रमाग कारखान्यात जाऊ लागले. तिथे चादरी निघतात. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात, त्यामुळे लेन्स काढण्याचा प्रश्नच येत नाही. किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ पर्यंतच उघडते. त्या मानाने एफ १.८ वर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. मात्र या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे ५० मिमीची दृष्टी ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यावरील ८० मिमीइतकी अरुंद होते, आणि दोन मागांमधल्या चिंचोळ्या वाटेत मागे सरकायला जागा नसते. अख्खा माग फोटोत येत नाही, म्हणून मी हातांचे फोटो काढू लागले. माग थांबवून तिथले विणकर अण्णा तुटलेल्या ताण्याचे (उभ्या धाग्याचे) टोक शोधतात, जिभेने ओले करतात, अंगठा आणि तर्जनीत वळून गाठ मारतात आणि नखाने उरलेले टोक तोडतात. हे सगळे चार-पाच सेकंदांत होते. ३५ सेंटीमीटरच्या आत फोकस होत नाही, तेव्हा नेमक्या तेवढ्याच अंतरावर श्वास रोखून थांबावे लागते. या चार-पाच सेकंदांसाठी मी सहा संध्याकाळी गेले.

सुरुवातीचे कित्येक फोटो पट्ट्यापट्ट्यांचे आले. तो दोष कॅमेऱ्याचा आहे असे मी धरून चालले होते, ते चूक निघाले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवले की पट्ट्या जातात. १/१०० ला धोटा (आडवा धागा नेणारा) पुसट येतो आणि हात स्पष्ट येतो, आणि मला तेच हवे होते.

आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० वर ठेवण्याबद्दलचे मतही मला बदलावे लागले. संगणकावर मोठा करून पाहिला की फोटो दाणेदार दिसतो, म्हणून पहिले काही महिने मी १६०० च्या वर जातच नव्हते. जूनमध्ये गाठीचा एक फोटो १२ बाय १८ इंचांत छापून घेतला. ५१८४ बाय ३४५६ पिक्सेलची फाइल त्या मापाला इंचामागे २८८ पिक्सेल देते, आणि हातभर अंतरावरून फक्त मागाखालच्या अंधारात किंचित दाणा जाणवतो. तो फोटो मी अण्णांना दिला. त्यांनी गाठीवर बोट ठेवून सांगितले, "ताई, ही घाईत मारलेली आहे. पुढच्या वेळी चांगली मारताना काढा." तेव्हापासून महिन्यातून दोन संध्याकाळी माझे जाणे ठरलेलेच आहे, कारण तिथे फोटोची वाट पाहिली जाते.

नान्नजच्या अभयारण्यात मात्र हा संच घेऊन जाऊ नये. ५५ मिमीवर काळवीट गवतातल्या ठिपक्याएवढे येते. दूरचे जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्ससाठी पैसे साठवावेत असे मला अजून वाटलेले नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला मी घरातल्या पांढऱ्या भिंतीचा एफ २२ वर फोटो काढते. असे नऊ फोटो एका फोल्डरमध्ये आहेत. डिसेंबरच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात खाली एक लहान ठिपका आला आहे आणि तो ब्लोअरने गेलेला नाही. संचात दोन स्वॉब शिल्लक आहेत. त्यांतला एक मी यात्रेच्या आधीच्या रविवारी वापरणार आहे. या वेळी किट लेन्स घरूनच लावून निघायची, होम मैदानावर ती काढायची नाही आणि नंदीध्वजांसाठी एफ ८ च्या पुढे जायचे नाही, असे ठरवले आहे.