सुट्टीत एकवीस किलोमीटर: बिब लावून की आपलं आपण?

समुद्रकिनारी सहा दिवसांची सुट्टी ठरते आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिथे हाफ मॅरेथॉन आहे असं कळतं. पळणाऱ्याला वाटतं, योगच जुळून आला. घरच्यांना वाटतं, झालं, आता सुट्टीभर हिची झोप आणि हिचं पोट सांभाळायचं. दोघांचंही खरंच असतं.

मी हे दोन्ही प्रकारे केलंय. एकदा रीतसर नाव नोंदवून, सुट्टीच्या शेवटच्या सकाळी. दुसऱ्यांदा कसलीही नोंदणी न करता, सुट्टीच्या मधल्या एका पहाटे एकटीनं. अंतर दोन्ही वेळा तेवढंच, २१.१ किलोमीटर. घरच्यांचा खर्ची पडलेला वेळ मात्र एकाला दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त होता. निर्णय घेताना माझ्या मते हीच गोष्ट आधी बघावी. मेडल, टी-शर्ट, फोटो वगैरे नंतर.

आधी तासांचा हिशेब

"अडीच तासांचा तर प्रश्न आहे," असं आपण घरी सांगतो. पळण्यापुरतं ते खोटं नसतं. किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या पेसनं हाफ मॅरेथॉन २ तास १७ मिनिटांत होते, सात मिनिटांच्या पेसनं २ तास २८ मिनिटांत. पण शर्यत अडीच तासांत मावत नाही. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी स्वतः जाऊन घ्यावं लागतं. जाणं, रांग, येणं धरून माझे तीन तास गेले, आणि ते भर दुपारचे नव्हते. मुलांच्या पाण्यात खेळायच्या वेळेचे होते. त्या रात्री साडेआठला मला झोपायचं होतं. खोली एकच, म्हणजे सगळ्यांचेच दिवे साडेआठला बंद. नवरा मोबाइलच्या उजेडात बॅगा भरत होता. पहाटे पावणेचारला उठले, परत आले तेव्हा साडेनऊ वाजले होते. मग आंघोळ, मग दोन तास मेल्यासारखी झोप. त्याच दुपारी परतीचा प्रवास. बसून बसून पाय असे आखडले की उतरताना मुलाचा हात धरावा लागला.

बेरीज केली तर तेरा-चौदा तास.

एकटीनं पळाले त्या दिवशी पाच वाजता निघाले, आठच्या आत परत. मुलगा तेव्हा नुकता डोळे चोळत उठत होता. नाश्ता सगळ्यांबरोबर, आणि दुपारी तासभर डोळा लागला तेवढाच काय तो भुर्दंड. रात्री लवकर झोपावं लागलं नाही, कारण वेळेचं काही पणाला लागलेलं नव्हतं. शिवाय शर्यतीच्या जोरानं पळालेले एकवीस आणि नेहमीच्या लाँग रनच्या संथ पेसनं पळालेले एकवीस यांत शरीराच्या दृष्टीनं फार फरक आहे. पहिल्याचे पाय दोन-तीन दिवस बोलतात, दुसऱ्याचे संध्याकाळपर्यंत ताळ्यावर येतात. शर्यतही संथ पळता येतेच की, असं कोणी म्हणेल. येत असेल. छातीवर बिब लागलं की मला येत नाही, हे माझं व्यंग आहे.

नाव नोंदवायचंच असेल तर पहिल्या दिवसांत की शेवटी?

शर्यत आणि सुट्टी यांच्या तारखा आपल्या हातात असतात त्या इतक्याच: शर्यतीचा दिवस ठरलेला असतो, सुट्टी पुढेमागे सरकवता येते. मी सुट्टी आधी आणि शर्यत शेवटी ठेवली. विचार असा होता, की चार-पाच दिवसांत हवेची सवय होईल आणि विश्रांतीही मिळेल. झालं उलटंच. सुट्टी ही विश्रांती नसते, निदान मुलं बरोबर असताना तरी नसते. दिवसभर वाळूतून चालणं, लाटांशी झोंबाझोंबी, अवेळी जेवणं, परकी उशी. वर प्रत्येक गोष्टीत माझी नकारघंटा: उन्हात जास्त वेळ नको, हे तिखट नको, आज पोहायला नको. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "तू सुट्टीवर आलीयस की शर्यतीला?" मी म्हटलं, "दोन्हीला." "मग दोन डगरींवर पाय ठेवून पळ आता."

हवेच्या सवयीबद्दल मात्र माझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. उष्ण-दमट हवेला शरीर पूर्ण सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्यातला बराच बदल पहिल्या आठवड्यात होतो: रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो. पण हा सराव सावलीत पडून होत नाही, त्या हवेत रोज थोडा व्यायाम करावा लागतो. म्हणजे पुन्हा रोज सकाळचा तास-सव्वा तास घरच्यांच्या वाट्याचा.

म्हणून माझं मत आता उलटं झालंय. शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी असावी. पहिला दिवस तसाही प्रवासात जातो, बिब त्याच दिवशी येता येता घेता येतं. दुसऱ्या दिवशी पळून मोकळं व्हायचं, पुढचे चार दिवस आपले. स्नायूंचं दुखणं एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त जाणवतं, आणि त्या दिवसांत वाळूवर लोळण्यापलीकडे कोणी आपल्याकडून काही मागत नाही. किंमत एकच: हवेची सवय नसताना पळायचं, त्यामुळे आपल्या सर्वोत्तम वेळेचं नाव काढायचं नाही. मी किलोमीटरमागे पाऊण मिनिट सोडून देते. साडेसहाच्या जागी सव्वासात धरलं की एकूण वेळ जवळपास सोळा मिनिटांनी वाढते. वर्षभर ज्या वेळेचा पाठलाग केलाय ती वेळ इथे मिळणार नाही हे ज्याला आधीच पचवता येत नाही, त्यानं थंड हवेतली दुसरी शर्यत शोधावी आणि सुट्टीत बूट नेऊच नयेत.

एकट्यानं पळायचं तर वाळू की रस्ता?

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. समुद्र दिसला की वाटतं, अनवाणी, ओल्या वाळूवरून, लाटांच्या कडेनं. दोन किलोमीटर ते तसंच वाटतं.

कोरड्या, भुसभुशीत वाळूत एकवीस किलोमीटरचा विचारही करू नका. वाळूत पळायला कडक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, असं १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. त्या हिशेबानं एकवीसचे तेहतीस-चौतीस होतात. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू ही वेगळी चीज आहे. ती बरीचशी कच्च्या रस्त्यासारखी वागते. टाच टेकली की ठसा जेमतेम नखभर खोल उमटला पाहिजे. ठसा बोटभर खोल जातोय आणि त्यात पाणी भरतंय, म्हणजे तुम्ही पाण्याच्या फार जवळ आहात. चार पावलं वर सरका.

आता ही घट्ट वाळू मिळणार कधी, ते घड्याळावर नाही, ओहोटीवर अवलंबून. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि दोन्ही रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. सुट्टीच्या पहिल्या दिवशी ओहोटी पहाटे साडेपाचला असेल तर चौथ्या दिवशी ती आठला असेल, तोवर ऊन डोक्यावर. म्हणजे पळायचा दिवस मुलांच्या बेतांवरून नाही, भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवायचा, तोही निघण्याआधी घरीच. ओहोटीची वेळ पळण्याच्या बरोबर मध्यावर यावी असं बघा. अडीच तास लागणार असतील तर ओहोटीच्या सव्वा तास आधी निघायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, पाणी सगळ्यात जास्त आत जातं आणि रुंद पट्टा मोकळा मिळतो. पण तेव्हा ते परत येतानाही तितकंच झपाट्यानं येतं. खडकाळ टोकाला वळसा घालून पलीकडच्या किनाऱ्यावर जायचा मोह त्या दिवशी टाळावा. परतायची वाट पाण्याखाली गेलेली असू शकते.

दुसरी अडचण उताराची. किनारा समुद्राकडे कललेला असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. दहा किलोमीटर सरळ गेलात तर परतीला दुसरा पाय खाली येतो, म्हणून हिशेब बरोबर, असं कागदावर दिसतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कागद वाचता येत नाही, तो सातव्या किलोमीटरलाच कुरकुरायला लागतो. मी मुक्कामापासून २.६ किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत, अशा चार फेऱ्या केल्या. कंटाळवाणं होतं, नाही म्हणत नाही. पण दर २.६ किलोमीटरला पाय बदलत होता, पाण्याची बाटली पायरीवर ठेवलेली होती, आणि काही झालंच असतं तर खोली कधीच तीन किलोमीटरहून लांब नव्हती.

अनवाणी पळायची सवय नसेल तर बूट घालाच. वाळूत टाच खोल जाते, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर ताणली जाते. मी पहिल्या दिवशी हौसेनं तीन किलोमीटर अनवाणी पळाले आणि पुढचे दोन दिवस जिना आडवा होऊन उतरले. शेवटचे पाचशे मीटर अनवाणी पळा, फोटोपुरतं तेवढं पुष्कळ.

रस्त्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. पहाटे रहदारी नसेल आणि उजेड असेल तर रस्ता वाळूपेक्षा केव्हाही बरा. नसेल तर नाही.

शर्यतीची जी बाजू खरोखर भारी आहे

आतापर्यंतच्या लिहिण्यावरून वाटेल, की मी शर्यतीच्या विरोधात आहे. एका बाबतीत मात्र एकट्यानं पळणं शर्यतीच्या पासंगालाही पुरत नाही: तिथे कोणीतरी तुमच्याकडे बघत असतं. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. डोकं गरगरणं, भर उकाड्यात अंगावर शहारे, बोलताना शब्द अडखळणं, यांतलं काहीही झालं तर तिथल्या तिथे थांबायचं असतं. पण ते स्वतःला कळतंच असं नाही, कारण ज्या डोक्यानं ओळखायचं तेच तापलेलं असतं. शर्यतीत दर दोन-अडीच किलोमीटरला पाण्याचं टेबल असतं, स्वयंसेवक असतात, अँब्युलन्स असते. पहाटेच्या किनाऱ्यावर फार तर एखादं कुत्रं असतं.

म्हणून आयुष्यातली पहिली हाफ मॅरेथॉन एकट्यानं, परक्या किनाऱ्यावर पळू नका. खरं तर पहिली सुट्टीत नकोच; पण हट्टच असेल तर बिब लावून. आणि गेल्या महिन्याभरात एकदाही सोळा-सतरा किलोमीटर झाले नसतील तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवा, शर्यतीत दहाचा गट असेल तर त्यात नाव बदलून मिळतंय का बघा. कमीपणा कसला त्यात.

दोन लहान गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. आदल्या दिवशी ऊन खाऊ नका. भाजलेली कातडी घाम नीट सोडत नाही, आणि खांद्यावर बनियनची शिवण घासली की कळतंच. आणि भीतीपोटी घटाघटा नुसतं पाणी पीत राहू नका, तहानेप्रमाणे प्या आणि बरोबर मीठही पोटात जाऊ द्या. गरजेपेक्षा जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम खाली येतं, आणि ते पाणी कमी पडण्याइतकंच वाईट.

घरच्यांना फिनिश लाइनवर उभं करायचं का?

माझी मुलं उभी होती. पहाटे उठवून आणलेली, दीड तास ताटकळलेली. रस्ते बंद असल्यामुळे गाडी लांब लावून चालत आलेली. मी त्यांच्यासमोरून गेले ते आठ-दहा सेकंद, आणि त्यातही मुलगी भावाच्या बुटाची लेस बांधत होती. तिनं मला बघितलंच नाही. चार फेऱ्यांच्या वेळी ती गॅलरीत दात घासत उभी होती, आणि तिसऱ्या फेरीला वरून ओरडली, "आई, अजून किती?" मेडल नव्हतं, पण प्रेक्षक खरा होता.

यंदाची सुट्टी ठरली आहे. शर्यत आहे, पण पाचव्या दिवशी, म्हणून नाव नोंदवलेलं नाही. तक्त्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी ओहोटी पहाटे ६:४०ला आहे, म्हणजे ५:२५ला निघायचं आणि आठच्या आसपास परत. या वेळी नवरा शेवटच्या दोन फेऱ्यांना सायकल घेऊन बरोबर येणार आहे, पाण्याची बाटली आणि माझ्यावर नजर ठेवायला. त्या बदल्यात त्याच दिवशी दुपारी दोन ते पाच मुलं माझ्याकडे आणि तो झोपणार. त्यानं तीन तास मागितले, मी अडीच म्हणून बघितलं. तीनच ठरले.