बेलित्स-हाइलश्टेटेन: नुसतं पुलावरून बघून परत येऊ नका, आत जा

बर्लिनला आलेले आपले लोक पॉट्सडॅमचा राजवाडा करतात आणि माघारी फिरतात, त्याच बाजूला अजून थोडं पुढे जंगलात असलेलं हे जुनं टीबीचं हॉस्पिटल मात्र फार कमी जण बघतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आरई 7 ही रीजनल ट्रेन थेट बेलित्स-हाइलश्टेटेन स्टेशनला सोडते आणि तिथून चालतच जायचं, त्यामुळे गाडी नसली तरी काही अडत नाही.

सगळे जातात ते बाउम उंड त्साइटला, म्हणजे झाडांच्या शेंड्यांजवळून जाणाऱ्या उंच पुलावर. 2015 मध्ये सुरू झाला, तेव्हाचा टप्पा साधारण 320 मीटरचा, आणि सोबत 40 मीटरच्या आसपास उंचीचा टॉवर. लिफ्ट आहे, बाबांचे गुडघे दुखतात तरी ते आरामात वर आले. हा पूल आल्पेनहाउसवरून जातो. बायकांच्या फुफ्फुसाच्या आजारासाठी बांधलेली ही इमारत 1945 मध्ये युद्धाच्या अगदी शेवटी जळली आणि नंतर कुणी दुरुस्तच केली नाही, मग छप्पर गेलेल्या मजल्यावर माती साठत गेली, बिया पडल्या, आणि आता तिथे चक्क जंगल उभं आहे. वरून बघताना आई कितीतरी वेळ कठड्याला धरून उभी होती, हलायलाच तयार नाही.

पण एवढंच बघून परत आलात तर अर्धंच बघितलं असं मी म्हणेन. पुलाच्या तिकिटाशिवाय गाइडेड टूर वेगळी घ्यावी लागते, ती घ्याच. कुठल्या इमारतीत नेणार आणि कुठल्या भाषेत सांगणार हे बुकिंग करतानाच बघून घ्या, बऱ्याचशा टूर जर्मनमध्ये असतात. 1928 ते 30 मध्ये बांधलेली सर्जरीची इमारत मिळाली तर सोडू नका. रंगाचे पापुद्रे सुटलेल्या भिंती, लांबच लांब कॉरिडॉर, आणि प्रत्येक खोलीत इतका उजेड की हे हॉस्पिटल होतं यावर विश्वास बसत नाही. तो उजेड हेच तेव्हा औषध होतं ना! रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू 1882 मध्ये शोधला खरा पण त्यावर गोळी नव्हती, स्ट्रेप्टोमायसीन हे टीबीवरचं पहिलं गुणकारी औषध यायला 1940 चं दशक उजाडलं, तोवर मोकळी हवा, भरपूर खाणं आणि व्हरांड्यात तासन् तास पडून राहणं, थंडीतसुद्धा. बाबांचे एक काका मिरजेजवळ वानलेसवाडीच्या टीबी सॅनिटोरियममध्ये होते, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड केलेले ते व्हरांडे बघून बाबा एकदम गप्प झाले आणि मग जेवताना पहिल्यांदाच काकांबद्दल भरभरून बोलले.

मला सगळ्यात भिडलं ते हे की हा सगळा थाट कामगारांसाठी होता. 1889 च्या कायद्याने जर्मनीत कामगारांचा अपंगत्व आणि म्हातारपणाचा विमा सुरू झाला, आणि त्याच पैशातून बर्लिनच्या विमा संस्थेने 1898 पासून हे बांधायला घेतलं. बर्लिनच्या चाळींमध्ये कोंदट खोल्यांत खोकणाऱ्या माणसाला आयुष्यभर पेन्शन देत बसण्यापेक्षा त्याला बरं करून परत उभं करणं परवडतं, असा साधा हिशोब. हिशोब होता म्हणून कंजूषपणा केला नाही बघा, हाइनो श्मिडेनसारखा नावाजलेला आर्किटेक्ट, साठेक इमारती, सुमारे 200 हेक्टर जागा, स्वतःचं वीजघर, बेकरी, लाँड्री. रेल्वेच्या उत्तरेला फुफ्फुसाचे पेशंट, दक्षिणेला बाकीचे, बायका पश्चिमेला आणि पुरुष पूर्वेला. नकाशा हातात घेऊन फिरा, मग हे सगळं डोळ्यासमोर उलगडतं.

इंटरनेटवर मात्र दोनच गोष्टी सापडतात, एक म्हणजे 1916 मध्ये जखमी हिटलर इथे होता आणि दुसरी भुतं. त्यापेक्षा 1945 ते 1994 हा काळ नीट ऐका, तेव्हा हे सोव्हिएत सैन्याचं मोठं हॉस्पिटल होतं आणि पूर्व जर्मनीचे माजी सर्वेसर्वा एरिख होनेकर 1991 मध्ये मॉस्कोला जाण्याआधी इथेच राहिले होते. सैन्य गेलं, नंतरचा मालक दिवाळखोरीत गेला आणि इमारती वर्षानुवर्षं उघड्या पडल्या. लोक फोटोंसाठी कुंपणावरून उड्या मारायचे. तसलं काही अजिबात करू नका, अशा इमारतींत जमीन आतून कुजलेली असते आणि वरून कळतही नाही.

आता काही इमारतींत फ्लॅट झालेत, नवी वस्ती वाढतेय आणि काही अजून कुंपणामागे वाट बघतायत. फ्लॅट होतायत याचं मला वाईट वाटत नाही, छप्पर दुरुस्त झालं, हीटिंग चालू झालं तरच भिंती टिकणार. पण कामगारांचा एखादा वॉर्ड तरी पलंग आणि व्हरांड्यासकट जसाच्या तसा उभा करून लोकांसाठी ठेवावा असं फार मनापासून वाटतं, कारण दर वर्षी बघण्यासारखं थोडं थोडं कमी होत जाणार. जायचं असेल तर लवकर जा.

अख्खा दिवस काढा, बूट जाड तळव्याचे घाला. एप्रिलच्या मध्यापासून 24 जूनपर्यंत गेलात तर बेलित्सचा पांढरा अस्पॅरॅगस जागोजागी ताजा मिळतो, बटाटे आणि वितळलेल्या लोण्याबरोबर, शाकाहारी लोकांनी डोळे मिटून मागवावा.