मामाची आरडी आणि दोन जपानी स्क्रू ड्रायव्हर

दोन स्क्रू ड्रायव्हरचे मिळून साडेतीन हजार रुपये. हा आकडा मी घरात अजून मोठ्याने उच्चारलेला नाही. आईला साडेतीनशे सांगितलेत, आणि त्यावरही "मूठ चांदीची आहे का रे?" हे ऐकून झालंय. तरीही गेल्या दीड वर्षात या गाडीवर जो काही पैसा ओतला, त्यात सगळ्यात वसूल काय झालं असं कोणी विचारलं, तर मी पिस्टन, टायर, क्रोम सगळं सोडून हे दोन स्क्रू ड्रायव्हर पुढे करीन.

गाडी मामाची. राजदूत ३५०, म्हणजे आपल्याकडची आरडी. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ पासून फरिदाबादला बनवलेली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. तिच्यात हाय टॉर्क आणि लो टॉर्क असे दोन प्रकार आले. हाय टॉर्क साडेतीस अश्वशक्तीची, नंतरची लो टॉर्क सत्तावीसची. मामाची लो टॉर्क आहे, पण हे त्याच्यासमोर बोलायचं नाही. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याला ड्रम दिला. त्यामुळे पळायला यामाहा आणि थांबायला मारुतीराया, असं तेव्हाही म्हणायचे.

सहकारनगरच्या आमच्या बंगल्यात गॅरेज आहे, म्हणजे आजोबांची फियाट जिथे उभी राहायची ती खोली. फियाट गेल्यावर तिथे गव्हाचं पिंप, आकाशकंदिलांचे सांगाडे, कुणाचा तरी पाळणा आणि २००४ पासून ताडपत्रीखाली मामाची आरडी. "तुला जमलं तर कर, नाहीतर भंगारात दे," असं मामा म्हणाला. भंगार हा शब्द उच्चारताना त्याने गाडीकडे बघितलं नाही.

पहिल्या रविवारी मी डाव्या बाजूचं कव्हर उघडायला घेतलं. आत पॉइंट्स असतात, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारे छोटे स्विच, दोन सिलिंडरचे दोन. ते नुसते बघावेत, स्पार्क येतोय का ते पाहावं, एवढाच बेत होता. कव्हरला फुलीचे स्क्रू. आपण त्यांना सरसकट स्टार म्हणतो. माझ्याकडे बरा, नावाजलेल्या कंपनीचा स्टार होता. पहिला स्क्रू सुटला. दुसऱ्याला ड्रायव्हर खाचेतून वर सरकला. तिसऱ्याला तो कर्रकन फिरला आणि फुलीची वाटी झाली. मग मी तेच केलं जे आजवर प्रत्येकाने या गाडीला केलं होतं. छन्नी लावली, तिरकी धरली आणि हातोडी मारली. स्क्रू जागचा हलला नाही. कव्हरचा कान मात्र तुटून पिंपाखाली गेला.

अल्युमिनियमचं ते कव्हर पिशवीत घालून नाना पेठेत गेलो. दुचाकीचा स्पेअर पार्ट पुण्यात मिळत असेल तर नाना पेठेत, नसेल तर तिथला माणूस सांगेल की कुठे मिळणार नाही. आर्गन वेल्डिंगवाल्याकडे जायच्या आधी एका जुन्या मेकॅनिकच्या दारात उभा राहिलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी कव्हर हातात घेतलं, छन्नीची खूण अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "साहेब, हा स्टार नाही. हा जपानी स्टार आहे. याला तुमचा पाना नाही बसणार." मग खोक्यातून स्वतःचा ड्रायव्हर काढला. साधाच होता, पण ग्राइंडरवर त्याचं नाक किंचित घासून चपटं केलेलं. "पस्तीस वर्षं असाच वापरतो."

घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. फिलिप्सचा स्क्रू हा अमेरिकन प्रकार, हेन्री फिलिप्सच्या नावावर १९३६ सालची पेटंट. त्याच सुमारास कॅडिलॅकच्या कारखान्यात तो आला आणि पुढे जगभर पसरला. त्या स्क्रूत जोर जास्त झाला की ड्रायव्हरचं टोक आपोआप वर सरकतं. जपानी लोकांनी आपल्या मोजमापाची वेगळी फुली ठेवली, तिला जेआयएस म्हणतात, म्हणजे जपानी औद्योगिक मानक. दिसायला दोन्ही सख्खे भाऊ. पण फिलिप्सचं टोक जपानी खाचेच्या तळाला आधी टेकतं आणि चार पाकळ्या भिंतींना नीट भिडतच नाहीत. आपल्याला वाटतं बसला, तो बसलेला नसतो. चाचांनी नाक घासलं होतं ते याच्यासाठी. जपानी स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक टिंब असतं, टोचल्यासारखं. मी टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरलो. कार्ब्युरेटरवर टिंब, हँडलच्या स्विचवर टिंब. इंजिनवर मात्र निम्मे स्क्रू बिनटिंबाचे, म्हणजे मधल्या चाळीस वर्षांत कुणीकुणी बदललेले.

आता मुद्द्याच्या वस्तूकडे येतो. ओसाकाची व्हेसल ही १९१६ पासूनची कंपनी. त्यांचा मेगाडोरा इम्पॅक्टा, मॉडेल ९८०. दिसायला जाड मुठीचा साधा स्क्रू ड्रायव्हर, मागे लोखंडी टोपी. गंमत मुठीच्या पोटात आहे. स्क्रूवर दाबून धरायचा आणि मागे हातोडी मारायची. प्रत्येक ठोक्याला दांडा १२ अंश उलटा फिरतो, म्हणजे सुटायच्या दिशेने. ठोका आणि पीळ एकाच क्षणी बसतात, त्यामुळे टोकाला वर सरकायला वावच उरत नाही. ठोके न मारता वापरला तर तो नेहमीसारखा स्क्रू ड्रायव्हर आहेच.

पहिल्यांदा मी दोन नंबरचा मागवला, कारण दुकानात सगळे दोन नंबरच देतात. पार्सल आलं, लावून बघितला तर इंजिनच्या स्क्रूत खुळखुळतोय. चूक माझीच. कव्हरचे स्क्रू एम-६, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचे, त्यांना तीन नंबरची फुली लागते. दोन नंबर कार्ब्युरेटर, स्विच, पॉइंट्सची प्लेट असल्या बारीक कामांचा. मग तीन नंबर मागवला, आणि साडेतीन हजारांचं कोडं असं सुटलं. इंजिन उघडणार असाल तर आधी तीन नंबर घ्या. दोन नंबर नंतर लागतोच.

खरी परीक्षा उजव्या बाजूच्या क्लच कव्हरला झाली. आधी तीन दिवस रोज रात्री स्क्रूंच्या डोक्यांवर गंज सोडवायचं तेल सोडत होतो. स्क्रू लोखंडाचा, कव्हर अल्युमिनियमचं, त्यात वीस पावसाळ्यांचा दमटपणा. दोन धातूंच्या मध्ये पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जणू सिमेंटमध्ये बसवल्यासारखा होतो. चौथ्या दिवशी आधी दाभणाने प्रत्येक खाचेतली घाण उकरली. हे टाळू नका, तळाला चिखल असेल तर कुठलाच ड्रायव्हर बसत नाही. मग ड्रायव्हर सरळ धरला, अगदी सरळ, आणि अर्ध्या किलोच्या हातोडीचा एक ठोका. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसऱ्याला आवाज बदलला. आधीचे दोन ठण् होते, हा खट् झाला. मुठीला बोटभर ढिलाई जाणवली आणि पुढचं काम हाताने झालं. स्क्रू बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांवर राखेसारखा थर होता आणि फुलीच्या कडा नव्यासारख्या तीक्ष्ण.

त्या 'खट्'ची चटक लागते. दुपारी जेवायला हाक आली तरी मी उठलो नाही.

स्क्रू काढले की डब्यात टाकू नका. त्यांची लांबी सारखी नसते. चितळ्यांच्या बाकरवडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी कव्हराचा आकार काढला, जिथल्या तिथे भोकं पाडली आणि प्रत्येक स्क्रू आपापल्या भोकात खोवला. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो तळाला टेकून आटे घेऊन जातो, आणि मग पुन्हा नाना पेठ.

कव्हरचा एक स्क्रू मात्र याने सुटला नाही. त्याचं डोकं आधीच कुणीतरी छन्नीने कुरतडलं होतं. पकडायला फुलीच नसेल तर जपानीही काय करणार! तिथे बोहरी आळीतून आणलेला जाडजूड देशी इम्पॅक्ट ड्रायव्हर चालवला, साडेचारशेचा, चार बिटांसकट. चपटं बिट छन्नीच्या खाचेत बसवलं आणि सुटला. त्याची ताकद जपान्यापेक्षा जास्तच आहे. पण बिट फिलिप्सची आणि वजन इतकं की बारीक जागी तो सरळ धरता येत नाही. दोन्ही असावेत. एकच घेणं शक्य असेल आणि गाडीवर अजून छन्नी फिरली नसेल, तर जपानी घ्या.

मर्यादा सांगायलाच हव्यात. ठोक्याने हा जपानी फक्त सोडवतो. आवळताना ठोके मारून काही उपयोग नाही, आणि मारूही नयेत. एम-६ स्क्रू अल्युमिनियममध्ये आठ-दहा न्यूटन-मीटरच्या वर आवळायचा नसतो, हाताला "पुरे" वाटतं तेवढंच पुरे. दुसरं, आधार नसलेल्या वस्तूवर ठोकू नका. कार्ब्युरेटरची बॉडी ठिसूळ असते, ती हातात धरून मागून हातोडी मारली तर स्क्रूच्या आधी बॉडी जाईल. मिकुनी कंपनीच्या दोन्ही कार्ब्युरेटरच्या फ्लोट बोलचे, म्हणजे खालच्या पेट्रोलच्या वाटीचे स्क्रू मी लाकडी पाटावर ठेवून, जुन्या टॉवेलची घडी घालून, ठोका न मारता नुसत्या दाबाने सोडवले. टोक नीट बसतं एवढ्यानेच काम झालं. तिसरं, मूठ जाड आहे. बॅटरीच्या मागे किंवा टाकीखाली हा शिरत नाही. तिथे चाचांची युक्ती. मीही माझ्या जुन्या स्टारचं नाक कानशीने घासून घेतलं, आणि तो आता त्या कामाला आहे.

इंजिन उघडल्यावरचं सगळं सांगत बसत नाही. क्रँकची बेअरिंग गेली होती. उजव्या बाजूचं सील इतकं वाळलं होतं की गिअरचं तेल इंजिनात ओढलं जात असणार. मामाला आठवतो तो "आरडीचा जबरदस्त धूर" त्यातलाच असावा. बोअर झाला, पिस्टन झाले, रीड व्हॉल्व साफ झाले. ती कामं माझी नव्हती, मी ने-आण केली. परत बसवताना मात्र प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं. पुढचा जो कोणी हे उघडेल त्याला तीन दिवस थांबावं लागू नये. छन्नीने खाल्लेले आणि बिनटिंबाचे स्क्रू टाकून दिले. पुष्कळ लोक या जागी अॅलन बोल्ट, म्हणजे षटकोनी खाचेचे, लावतात. सोपं पडतं, दिसतंही चकचकीत, पण मला ते आरडीवर बूट घातलेल्या पेशव्यासारखं वाटतं. मी फुलीचेच शोधले. जुन्या बाजारात रविवारी दोन चकरा मारल्या, एका डब्यात टिंबवाले अकरा मिळाले, विकणाऱ्याने "हे कशाला?" म्हणून वीस रुपयांत दिले.

परवाच्या रविवारी मामा आला. वय ७१, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे किक मीच मारली. पहिल्या दोन फुकट. तिसऱ्याला गाडी उठली, गॅरेज निळं झालं, आणि आईने वरच्या खिडकीतून "पापड वाळत घातलेत!" म्हणून ओरडून सांगितलं. मामाने अॅक्सिलरेटर स्वतःच्या हातात घेतला. काही बोलला नाही. कान तुटलेल्या आणि परत जोडलेल्या कव्हरवर मात्र बोट फिरवून विचारलं, "इथे काय झालं रे?"

"तुझ्या वेळचं असेल," मी म्हणालो.

तळजाईच्या चढापर्यंत जाऊन आलो, दोन्ही सिलिंडर एका सुरात. कात्रजच्या जुन्या घाटाला अजून हिंमत नाही, ब्रेक तोच ड्रम आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो किमतीचा. टोक दीड वर्षात झिजलेलं नाही. मुठीमागच्या टोपीवर हातोडीच्या खुणा पडल्यात, त्या पडणारच. ऑनलाइन मागवताना नंबर दोनदा वाचा आणि मुठीवर किंवा दांड्यावर व्हेसलची खूण आहे का बघा. तसल्याच रंगाचे, तसल्याच मुठीचे बिननावाचे तुकडे फिरत असतात.

काल शेजारचे काका मिक्सरचं बूड उघडायला स्क्रू ड्रायव्हर मागायला आले होते. त्यांना नाक घासलेला दिला.